तिसरा चेंडू कॅमेऱ्यात नाही

वहिनी गेली हे नेहानं लीड्सहून फोन करून सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. रडू आलं नाही. ‘अरे देवा, तो व्हिडिओ तिच्या फोनमध्येच आहे,’ हे आलं. मंगळवार होता, सकाळचे साडेआठ झाले होते, मी कॉव्हेंट्रीत माझ्या किचनमध्ये पोह्यांचा कांदा चिरत उभी होते. नेहा म्हणजे माझ्या दादाची एकुलती एक मुलगी, माझी भाची. तिच्याकडे आठ दिवस राहायला म्हणून वहिनी रविवारीच लीड्सला गेली होती. “आत्या, आई गेली गं,” नेहा म्हणाली. “चहा घेतला, खुर्चीत बसली, मी शूज घालायला वर गेले... खाली आले तर शी वॉज गॉन. पाच मिनिटं पण नाही झाली.” मी ‘काय?’, ‘कसं?’, ‘निघतेच मी’ असं काय काय बोलले असेन. डोक्यात मात्र तो व्हिडिओ. दहाच दिवसांपूर्वी वहिनीच्या बागेत मी तो काढला होता, आणि त्यात जे आहे ते मी कधीही होऊ देणार नाही, असं वचन मी ह्याच नेहाला दिलं होतं.

तर हा लेख आठवणींचा आहे तसाच थोडा कबुलीजबाबाचाही आहे. वहिनीला जाऊन आता सात आठवडे झाले. इथे अंत्यसंस्कारालाही नंबर लागतो. आमच्या दादाच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, तीस वर्षं रिसेप्शनवर बसून जिनं अख्ख्या कॉव्हेंट्रीला “नेक्स्ट अव्हेलेबल इज थर्सडे, लव्ह” असं ऐकवलं, तिला स्वतःला अकरा दिवसांनंतरची अपॉइंटमेंट मिळाली. मला त्या दुःखातही हसू फुटलं. तिला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, “अकरा दिवस? लवकर मिळाली हो, वन्सं.”

वन्सं. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तरी लग्न होऊन आली त्या दिवसापासून मला ‘वन्सं’ आणि ‘अहो’. मी तिला सरळ ‘अगं वहिनी’ म्हणायची. तिच्या माहेरी मिरजेला नणंदेशी असंच बोलायची पद्धत होती म्हणे. पहिली दहा वर्षं मी तिला सांगत होते की हे इंग्लंड आहे, मी शाळेत गणित शिकवते, मला वन्सं म्हटलं की नाकात नथ घातल्यासारखं वाटतं. पुढची तीस वर्षं मी सांगायचं सोडून दिलं. आम्ही भांडायचोही भरपूर. पुरण किती वाटायचं, दादाला चहात किती साखर द्यायची, आणि मी लग्न न करून कोणाचं किती नुकसान केलं ह्या तीन विषयांवर आमचं कधीच एकमत झालं नाही. पण माझं घर तिच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं आणि दोन्ही घरांच्या किल्ल्या दोघींकडे होत्या, ह्यात सगळं आलं.

ती येताना मिरजेहून एक छोटी कापडी पिशवी घेऊन आली होती, तिच्यात सागरगोटे. मला आठवतंय, सर्जरीत दुपारी पेशंट नसले की ती रिसेप्शनच्या मागे कार्पेटवर मांडी घालून बसायची आणि एकटीच खेळायची. एक गोटा वर, तो खाली यायच्या आत बाकीचे गोळा, वरचा अलगद हातात. दादा दारातून डोकं काढून म्हणायचा, “अगं, हेल्थ ऑथॉरिटीचा माणूस आला तर?” ती वर न बघता म्हणायची, “आला तर त्यालाही शिकवते.” तिचे हात रिकामे राहिलेले मी कधी पाहिले नाहीत. मटार सोलायला नसले तर ती कात्रीनं जुनी पाकिटं कापून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंची वही करायची.

दादा गेला त्याला आता पाच वर्षं होतील. त्यानंतर मात्र ते हात मांडीवर पडून राहायला लागले. मी संध्याकाळी जायची, बातम्या लावायची, ती त्या बातम्या बघतेय असं दाखवायची. नेहानं तिला एक टॅबलेट आणून दिला, आईला मराठी मालिका बघता येतील म्हणून. मालिका तिनं दोन दिवसांत टाकल्या. “सगळ्या बायका एकमेकींकडे बघत उभ्या असतात हो, काम कोणीच करत नाही,” हे तिचं परीक्षण. आणि मग एक दिवस मी नेहमीप्रमाणे किल्लीनं दार उघडून आत गेले, तर ती टॅबलेट नाकाला लावून बसलेली. “वन्सं, इकडे या, इकडे या. चपला राहू द्या.” कॅमेऱ्यात टिपलेल्या जगातल्या सर्वांत अवघड जगलिंगच्या करामती, असा काहीतरी तो व्हिडिओ होता. कुणीतरी अकरा चेंडू एकदम हवेत ठेवतोय, कुणी पाठीमागून फेकून न बघता झेलतोय, कुणी एक मानेवर थांबवून बाकीचे खेळवतोय. मी म्हटलं, छान आहे. वहिनी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी पुरणपोळीला चपाती म्हटलं होतं. “छान काय? अहो, हे आपले सागरगोटेच आहेत! फक्त हे लोक खाली बसत नाहीत.”

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमचा तो अभ्यास सुरू झाला. अभ्यासच म्हणायचा, कारण ती व्हिडिओ साध्या वेगानं बघायचीच नाही. पाव वेगानं लावायची आणि चेंडूकडे नाही, हातांकडे बघायची. कुठला हात कधी रिकामा होतो, किती वेळ रिकामा राहतो. सगळ्यात अवघड काय आणि नुसतं अवघड दिसतं काय, हे तिला महिन्याभरात कळायला लागलं. पेटते पलिते फेकणाऱ्याला ती “फू:” म्हणायची. “तीनच आहेत हो. चुलीपाशी उभं राहून भाकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला जमेल.” आणि एखादा कळकट टी-शर्टातला मुलगा, स्वतःच्या बेडरूममध्ये, कोणी बघत नसताना, आठ सेकंदांत काहीतरी करायचा जे मला कळायचंही नाही, तिथे ती हात जोडायची. “आठ सेकंद, वन्सं. ह्याच्यासाठी ह्यानं किती हजार वेळा वाकून चेंडू उचलले असतील? ते कुठे दाखवतात?” गणिताची शिक्षिका मी, पण असला हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

ह्या बेडरूमवाल्यांमध्ये तिची लाडकी एक मुलगी होती. निळे केस, नाकात रिंग, कुठल्या देशातली ते आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. पाच चेंडू सगळेच्या सगळे वर फेकून, ते वर आहेत तेवढ्यात दोन गिरक्या घेऊन, पुन्हा पाचही झेलायची ती. वहिनीनं ते किती वेळा पाहिलं असेल देव जाणे. मग एक दिवस तिनं खाली इंग्रजीत लिहिलं, माझ्याकडून स्पेलिंग तपासून घेऊन: ‘व्हेरी गुड, बेटा. आय वॉच्ड ट्वेंटी टाइम्स. नाउ प्लीज मेक युअर बेड.’ मी म्हटलं, अगं वहिनी, तिला राग येईल. पुढच्या आठवड्यात त्या मुलीचा नवीन व्हिडिओ आला. मागे बिछाना घातलेला, उशी मधोमध, चादरीला सुरकुती नाही. वहिनी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग दोघींचं लिहिणं सुरू झालं. कोपर कुठे ठेवायचं, नजर कुठे ठेवायची, सगळं ती मुलगी समजावून सांगायची. वहिनी गेल्याचं मी तिला कळवलं, तेव्हा तिनं उत्तरादाखल नीट घातलेल्या बिछान्याचा फोटो पाठवला.

शिकायचं म्हणजे चेंडू हवेत. विकतचे वहिनीला पसंत नव्हते, तिनं जुन्या इरकलीच्या काठाचे तुकडे कापून स्वतः शिवले. आत काय भरायचं? घरात साबुदाणा होता, तो भरला. किचनच्या काट्यावर तीन चेंडू सारख्या वजनाचे केले, बागेत दुपारभर खेळली, आणि चहाला आत येताना ते गवतावरच विसरली. इथल्या पावसाला काय, तो काही विचारून येत नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर तीनही चेंडू टम्म फुगून शिवणीतून उसवलेले, आणि लॉनवर पांढरी भिजलेली खिचडी पसरलेली. दोन कबुतरं उपास सोडायला बसली होती. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत उभी. “दाण्याचं कूट तेवढं राहिलं,” असं म्हणाली आणि स्लाऊहून आलेल्या मैत्रिणीनं दिलेली बाजरीची पिशवी फोडायला आत गेली. बाजरीचे चेंडू मात्र टिकले.

मंडळाच्या गणपतीत तिचा कार्यक्रम झाला ते तर सांगायलाच हवं. शाळेचा हॉल, दीडशे माणसं, आणि एक पंच्याहत्तरीची बाई ट्रेनर्स, म्हणजे धावायचे बूट, घालून स्टेजवर. तिनं आधी हात एकमेकांवरून उलटसुलट नेत तीन चेंडूंचा एक प्रकार केला, ज्याला तिला चौदा महिने लागले होते. शांतता. मागे कोणीतरी वडे किती वाजता आहेत असं विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं. मग तिनं एक चेंडू ठेवून सफरचंद घेतलं आणि खेळवता खेळवता त्याचा चावा घेतला. हे तिनं एका शनिवारी शिकून घेतलं होतं. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी! वन्स मोअर! घरी येताना गाडीत मी चिडले होते, ती मजेत उरलेलं सफरचंद खात होती. “असू द्या हो. अवघड काय होतं ते तुम्हांला कळलं ना? मग झालं की.”

पण तिला मनातून हवी होती ती गिरकी. निळ्या केसांच्या मुलीसारखी पाच चेंडूंची नाही, साधी. तीन चेंडू एकापाठोपाठ उंच फेकायचे, ते वर आहेत तोवर स्वतःभोवती एक पूर्ण फिरायचं, समोर यायचं, आणि तिन्ही झेलायचे. ती मुलगी असलं हात गरम करायला करते. पण गुडघा नवीन बसवलेल्या बाईसाठी ही दुनियेतली सर्वांत अवघड करामत होती, आणि वहिनीनं ठरवलं होतं की ती व्हिडिओवर यायला हवी. ह्या लोकांत तो नियमच आहे. क्लिप मधे कापलेली नको, हात आणि चेंडू सगळा वेळ दिसायला हवेत, आणि शेवटचा झेल स्वच्छ. नाहीतर केलं असं म्हणायचं नाही. अशा नियमांवर वहिनीचा जीव. रिसेप्शनवर बसून तिनं आयुष्यभर हेच केलं होतं, रजिस्टरमध्ये नाव नाही तर तुम्ही आलाच नाहीत.

मागच्या शरद ऋतूत ती ओल्या पानांवरून घसरली. गिरकी घेताना नव्हे, पडलेला चेंडू उचलायला जाताना. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. नेहा तडक आली. आता नेहा काय करते ते सांगितलं पाहिजे. ती लीड्सला म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर आहे, आणि तिचं क्लिनिकच पडणाऱ्यांचं. माणसं का पडतात, कशी पडतात, आणि पडू नयेत म्हणून काय करायचं, ह्याच्यावर तिचं पोट चालतं. आईनं चेंडू हवेत ठेवून गोल फिरायचं, ही कल्पना तिला कशी वाटली असेल ते सांगायला नको. तिनं बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले, जिन्याला दुसरा कठडा लावला, आणि मला किचनमध्ये नेऊन दार लावून घेतलं. “आत्या, थ्री बॉल्स ठीक आहे. बेडच्या समोर उभी राहून करू दे, म्हणजे बॉल बेडवर पडतात आणि वाकायला नको. पण स्पिनिंग नाही. तू मॅथ्स टीचर आहेस, तुला रिस्क समजतो. प्रॉमिस कर मला.” तिचे डोळे भरले होते. बाप गेला, आता आई एवढीच उरलीय, हे तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण ते मला कळलं. मी वचन दिलं, आणि अगदी मनापासून दिलं.

ते सात महिने पाळलं. मग ह्या मे महिन्यात एका शुक्रवारी वहिनीनं फोन केला. “वन्सं, उद्या या. फोन धरायला माणूस हवंय.” मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, “तुम्हांला माहितीये कशाला.” मी नाही म्हटलं. भांडले. नेहाला सांगेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गेले ते सुद्धा तिला ओरडायलाच गेले होते. ती बागेच्या दारात बसून ट्रेनर्सच्या नाड्या बांधत होती. माझं सगळं बोलून होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, “अहो, हे गेल्यापासून मी प्रत्येक गोष्ट धरून चालतेय. जिन्याचा कठडा धरायचा, न्हाणीतला दांडा धरायचा, बसमध्ये खांब, बाहेर गेलं की तुमचा हात. सगळे एकच सांगतात, धरून चाल, धरून चाल. मला एकदा दोन्ही हात रिकामे करून बघायचेत. एकच सेकंद.” मी म्हटलं, आणि पडलीस तर? “पडले तर तुम्ही आहात की!”

चाळीस वर्षांत ती माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी फोन घेतला.

घरात जमणारं नव्हतं, आमची इथली छपरं बुटकी. मागे एकदा तिची दिव्याची शेड फोडून झाली होती. म्हणून बागेतल्या फरशीवर. वारा पडलेला, आकाश नेहमीसारखं करडं पण कोरडं. मी फोन आधी उभा धरला, तर चेंडू वर गेले की तिचे पाय दिसेनात. आडवा धरला, तर चेंडूच दिसेनात. शेवटी पार कुंपणापर्यंत मागे जाऊन, गुलाबाच्या झुडपात पाठ खुपसून उभी राहिले. पहिल्या वेळी चेंडू तिच्या मागे पडले. दुसऱ्या वेळी एकच हातात आला. ती दर वेळी तोल सांभाळून, गुडघ्यातून वाकून चेंडू उचलायची, एकमेकांवर आपटून झटकायची आणि पुन्हा उभी राहायची. नववी की दहावी वेळ असेल. तिनं फेकले. एक, दोन, तीन, सरळ उंच गेले. ती फिरली. पाठ माझ्याकडे, दोन्ही हात रिकामे, थोडे पसरलेले... मी तिला जन्मात कधी इतकी मोकळी पाहिली नव्हती. ती समोर आली आणि तिचा चेहरा मला दिसला. मोठ्यानं हसत होती ती, तोंड उघडं टाकून, लहान मुली हसतात तशी. पहिला झेलला. दुसरा झेलला. आणि तिचा उजवा पाय किंचित, अगदी किंचित सरकला.

मी काय करायला हवं होतं? जागेवर उभं राहायला हवं होतं. पण मला नेहाचे भरलेले डोळे दिसले. मी “वहिनीऽऽ” करून किंचाळले, डोळे मिटले आणि फोन हातात घेऊन तशीच धावत जाऊन तिला घट्ट मिठी मारली. ती पडतच नव्हती. खांबासारखी उभी होती. मिठीतून तिचा आवाज आला, “वन्सं! अहो सोडा मला! झेलला होता मी तिसरा!”

तिसरा चेंडू आमच्या पायापाशी पडलेला. ती म्हणत होती, तिनं तो झेलला आणि मी धडकले म्हणून सुटला. मी म्हणत होते, मला काय माहीत, मी डोळे मिटले होते. व्हिडिओ लावून बघितला, तर त्यात ती फिरते, पहिला झेलते, दुसरा झेलते, आणि मग एकदम आकाश, नंतर कुंपण, नंतर माझ्या पायातली चप्पल. तिसरा चेंडू कुठेच नाही. “तुम्ही पाहिलात?” तिनं मला विचारलं. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण मी नाही म्हटलं. “मग नाही मोजायचा,” ती म्हणाली. “कॅमेऱ्यानं पाहिला नाही, साक्षीदारानं पाहिला नाही.” आधी ती खरोखर चिडली होती. मग तिला हसू यायला लागलं, मग मलाही, आणि दोघी फरशीवर फतकल मारून इतक्या हसलो की शेजारीण कुंपणावरून डोकावून ‘एव्हरीथिंग ऑलराइट, लेडीज?’ असं विचारून गेली. लीड्सहून परत आले की पुन्हा करू, असं ठरलं. ती परत आलीच नाही, आणि तिची हक्काची करामत मी मिठी मारून घालवली होती.

अंत्यसंस्काराच्या दिवशी नेहा व्हिडिओबद्दल एक अक्षर बोलली नाही. पुढचे पाच आठवडे फोनवर कागदपत्रांबद्दल बोललो, अस्थींबद्दल बोललो, त्याबद्दल नाही. मी दर वेळी सांगायचं ठरवून फोन करायची आणि हवा कशी आहे विचारून ठेवायची. मग मागच्या रविवारी तिचाच फोन आला. “आत्या, ये इकडे. आईचा फोन उघडला मी.” कॉव्हेंट्री ते लीड्स हा प्रवास मी शेकडो वेळा केलाय. इतका लांब तो कधीच नव्हता.

तिच्या किचनच्या टेबलावर वहिनीचा फोन होता. मी बसायच्या आत बोलून टाकलं, की मी वचन मोडलं, मीच फोन धरला होता, आणि वहिनीच्या हृदयाला जे झालं ते ह्या गिरक्यांमुळे झालं असेल तर ते माझ्यामुळे झालं. “मी खूप चिडले होते तुझ्यावर,” नेहा म्हणाली. “खूप. वीक्सभर. पण हार्टचं ते नाही, आत्या. तो तिचा व्हॉल्व्ह होता, वर्षानुवर्षं. मी डॉक्टर आहे, मला नाही कळला, तर तुला काय कळणार.” मी तिचा हात धरला. मग तिनं फोन माझ्यासमोर सरकवला. “आणि तू एकटी नव्हतीस. हे बघ.”

एकशे चाळीस क्लिपा होत्या. वहिनीनं माझ्याशिवाय, एकटीनं, बागेतल्या फरशीवर, फोन पिठाच्या डब्याला टेकवून काढलेल्या. नोव्हेंबरपासूनच्या, म्हणजे प्लास्टर निघालं त्याच आठवड्यापासून! आणि मी मूर्ख समजत होते की सात महिने मी वचन पाळलं. फेकायचे, फिरायचं, चेंडू पडायचे, वाकायचं, उचलायचे. काही क्लिपांत ती स्वतःशी बोलते, काहींत दादाशी. एकीत फोन वाजतो आणि ती चेंडू उचलता उचलता माझ्याशी बोलते, “काही नाही हो वन्सं, जरा पडले होते,” आणि डोळा मारते कॅमेऱ्याला. नेहानं त्या सगळ्या पाहिल्या होत्या, कामावरून आल्यावर रोज थोड्या थोड्या. “मी दिवसभर लोकांचं चालणं बघते,” ती म्हणाली. “वन हंड्रेड अँड फॉर्टी टाइम्स, आत्या. बॉल पडले. आई एकदा पण नाही पडली. आणि हा बघ, हिनं घातलाय तो माझा पीईचा टॉप आहे. शाळेतला! हिनं ठेवला होता?” हसत होती आणि रडत होती.

मग तिनं शेवटची क्लिप लावली, माझी. मी म्हटलं, त्यात काही नाही गं, मी घालवली ती, तिसरा दिसतच नाही, म्हणून वहिनीनं तो मोजलाही नाही. “बघू नकोस,” नेहा म्हणाली. “ऐक.” एवढ्या क्लिपा ऐकून तिचा कान तयार झाला होता. बाजरीचा चेंडू हातात आला की थप वाजतो, फरशीवर पडला की फस्स. वहिनी फिरली, समोर आली, हसली. थप. थप. चित्र हललं, माझी किंकाळी फुटली. त्या दिवशी बागेत लावली तेव्हा किंकाळीपुढे मला काही ऐकूच आलं नव्हतं, दोघी नुसत्या चित्रात चेंडू शोधत होतो. नेहानं आवाज पूर्ण वाढवला, क्लिप मागे नेली आणि पाव वेगानं पुन्हा लावली. स्क्रीनवर कॉव्हेंट्रीचं करडं आकाश. माझी किंकाळी लांबट, जाडी झालेली. तिच्या पोटात एक थप. आणि मग बऱ्याच वेळानं, माझ्या पावलांच्या धडधडीनंतर, फस्स.

नेहानं क्लिप थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

“मोजला,” ती म्हणाली.